सांगण्याइतकं काही नव्हतं

"अगं, डोळ्याचं करून घेतलं मी. मागच्या मंगळवारी."

भाजी निवडता निवडता बोलावं तसं आई बोलली. साताऱ्यात संध्याकाळचे साडेसहा झाले होते, इथे तोक्योत रात्रीचे दहा. मी ओट्याशी उभी राहून दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करत होते. डोळ्याचं म्हणजे काय, ते कळायलाच जरा वेळ लागला. मोतीबिंदू, उजवा डोळा. सकाळी गेली, दुपारी घरी आली. शेजारच्या काकूंनी चार दिवस डबा दिला, कारण गॅससमोर जायचं नाही, डोक्यावरून अंघोळ करायची नाही. एरवी व्हिडिओ कॉलचा आग्रह धरणारी बाई आठवडाभर साध्या फोनवर का बोलत होती, तेही आत्ता कळलं. काळा चष्मा दिसला असता.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगण्याइतकं काही नव्हतं गं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्यासाठी तुझ्या जिवाला तिकडे घोर कशाला?"

खरं तर मी रागवायला हवं होतं. पण डोक्यात आधी आलं ते व्याकरण. भाषांतराच्या कामात वर्षं काढलेल्या माणसाला ही खोड लागते, घरातल्या माणसाचं वाक्यसुद्धा तो आधी उलटंपालटं करून बघतो.

पुण्यात जपानी शिकत होते तेव्हाची एक दोनशे पानी वही मी इकडे येताना बरोबर आणली आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-वनसाठी केलेली. ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली, २०१० मध्ये तिच्या चाराच्या पाच पायऱ्या झाल्या आणि एन-वन ही त्यातली सगळ्यात वरची. १८० पैकी १०० गुण मिळाले की पास, पण तिन्ही भागांत प्रत्येकी किमान १९ हवेत. आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक लोकांचं कॅलेंडर जुलै आणि डिसेंबर अशा दोनच महिन्यांचं असायचं. त्या वहीत डावीकडे व्याकरणाचा साचा आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहिलाय. एका पानावर उजवीकडे ओळीनं 'गरज नाही', 'गरज नाही', 'गरज नाही' आहे. चौथ्या-पाचव्या साच्यापुढे तर मी नुसत्या दोन रेघा मारल्यात, वरच्याप्रमाणे म्हणून.

परीक्षेत त्यावर भागलं.

आता ते पान पाहिलं की हसू येतं, कारण त्या पाच साच्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'इकानाकुतेमो ई' म्हणजे 'नाही गेलीस तरी चालेल'. ही परवानगी झाली, पहिल्या वर्षाची मुलंही शिकतात ती. 'शिन्पाइ सुरु कोतो वा नाइ' म्हणजे 'काळजी करायचं कारण नाही', हे पाठीवर हात ठेवून म्हणायचं वाक्य. 'हित्सुयो वा नाइ' कोरडं ठणठणीत, नोटिशीत आणि फॉर्मवर शोभणारं. 'नि वा ओयोबानाइ' टाय लावून येतं. ओयोबु म्हणजे पोहोचणं, मजल जाणं. 'ओरेइ नि वा ओयोबिमासेन' म्हणजे आभारांपर्यंत मजल जायला नको. हे मी वयस्कर, अदबशीर पुरुषांच्या तोंडूनच जास्त ऐकलंय.

आणि पाचवा साचा 'मादे मो नाइ'. माझी सगळी रडकथा याचीच.

मादे म्हणजे पर्यंत. 'तोक्यो मादे' म्हणजे तोक्योपर्यंत. 'कुठे निघालात?' असं शेजाऱ्यानं विचारलं की जपानी माणूस 'चोत्तो सोको मादे' म्हणतो, म्हणजे 'जरा तिथपर्यंत'. कुठपर्यंत ते सांगायचं नसतं आणि विचारणाऱ्यालाही ते नको असतं. आपल्याकडच्या 'इथेच, जरा' सारखंच. मो म्हणजे ही, सुद्धा. नाइ म्हणजे नाही. आणि इउ म्हणजे सांगणं. 'इउ मादे मो नाइ' मराठीत शब्दाला शब्द लावून म्हटलं तर होतं 'सांगण्यापर्यंतही नाही'. मराठी माणसाला जपानी सोपं जातं असं पुण्यात उठसूट म्हणतात, त्यामागचं खरं कारण हे आहे. क्रियापद शेवटाला, नकार त्याच्याही मागे, आणि 'पर्यंत', 'साठी', 'हून' हे सगळे शब्दाच्या शेपटीला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य शेवटून सुरुवातीकडे वाचावं लागतं, आपण नुसतं मागोमाग चालत जायचं. (नाइ आणि नाही यांचं साम्य मात्र निव्वळ योगायोगाचं. वर्गात पहिल्या दिवशी त्यावरून प्रत्येकाला एक सिद्धांत सुचतो, मलाही सुचला होता.)

एवढं सगळं समोर मांडलेलं असताना मी 'गरज नाही' लिहून मोकळी झाले. गरज हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेनं आला आणि इतका रुळला की कुठेही खपतो. पण गरजेत अंतर नाही. ती असते किंवा नसते. मादेमध्ये रस्ता आहे, त्यावर मुक्काम आहेत, आणि बोलणारा सांगतोय की हे प्रकरण अमक्या मुक्कामापर्यंत जात नाही, अलीकडेच संपतं.

ही अक्कल मला एका आजींना दुखावून आली.

आम्ही निशिकासाइला राहतो. तोक्योच्या एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय इतके आहेत की कढीपत्त्यासाठी लांब जावं लागत नाही. आमच्याच मजल्यावर कोपऱ्यातल्या घरात या आजी एकट्या राहतात. आम्ही राहायला आलो तेव्हा फोडणीच्या वासाबद्दल त्यांनी काही तक्रार केली नाही, फक्त तो कशाचा, एवढं विचारलं. मोहरी दाखवली तर तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. थंडीत त्या आमच्या दाराच्या मुठीला मिकान संत्र्यांची पिशवी अडकवून जायच्या. बेल वाजवायच्या नाहीत.

मुलीच्या पाळणाघराच्या अर्जासाठी मला वॉर्ड ऑफिसात जायचं होतं. तिथला कागदपत्रांचा सोपस्कार मोठा असतो. आजींना कळलं तशा त्या म्हणाल्या, मी येऊ का बरोबर? त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक होतं. उगाच त्यांना कशाला हिंडवा, म्हणून मी माझं सगळ्यात ठेवणीतलं जपानी काढलं. 'इश्शो नि किते इतादाकु मादे मो नाइ देस.' आदरार्थी रूप आणि त्यावर एन-वनचा साचा, मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीसुद्धा दिली.

आजींनी मान हलवली. "आ, सो," म्हणाल्या. दार लावण्याआधी त्या नेहमी दोन वेळा वाकायच्या, त्या दिवशी एकदाच वाकल्या.

पुढचे दोन आठवडे दाराची मूठ रिकामी.

ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी हे सांगितलं, तर त्यांनी तोंडावर हात घेतला. हसू आवरायला की धक्क्यानं, ते कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. वाक्य बरोबर आहे, चूक एकही नाही, पण मादे मो नाइ म्हणणारा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून बोलत असतो. काम केवढं, त्याला केवढा खटाटोप पुरे, हे तो ठरवतो. स्वतःच्या खटाटोपाबद्दल खुशाल म्हणावं. 'मेएरु दे सुमु कारा, वाझावाझा इकु मादे मो नाइ', म्हणजे मेलवर भागतंय, मुद्दाम जायला कशाला हवं. (वाझावाझा म्हणजे अगदी आपलं 'मुद्दाम', चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी. इतका चपखल जोड मला दोन भाषांत क्वचित मिळालाय.) पण दुसऱ्यानं प्रेमानं देऊ केलेली गोष्ट त्याच तराजूत घालायची नसते. मी आजींना काय म्हटलं होतं? तुम्ही येण्याच्या लायकीचं हे काम नाही. किंवा आणखी वाईट, तुम्ही यावं इतका तुमचा काही उपयोग नाही. 'दाइजोबु देस, ओकिझुकाइ नाकु' एवढं पुरलं असतं. ठीक आहे, तुम्ही त्रास घेऊ नका.

साताऱ्यात काकूंना मी कधी म्हटलं असतं का, 'तुम्ही येण्याइतकं काही काम नाहीये'? नसतं म्हटलं. 'तुम्ही कशाला पायपीट करता' म्हटलं असतं. परक्या भाषेत माणूस व्याकरण सांभाळतो आणि साधी रीत विसरतो.

दुरुस्ती कशी केली? मला नीट येत असलेली एक कांजी, म्हणजे जपानीतलं चिनी चित्राक्षर, येत नाही असं सांगून विचारायला गेले. अर्जाचा कागद हातात धरून. आजींनी चष्मा शोधला, कांजी वाचून दाखवली, कागदाच्या कडेला पेन्सिलीनं फोड करून दिली आणि चहा ठेवायला उठल्या. मी 'ओकामाइनाकु' म्हणाले, म्हणजे 'काही करू नका हं'. ओकामाइनाकु म्हटल्यावर चहा येत नाही असं घर मी साताऱ्यात पाहिलं नाही आणि जपानातही नाही. त्या आठवड्यात मिकान आले.

त्यानंतर वर्षभरानं तोच साचा मला अगदी त्याच्या हक्काच्या जागी ऐकायला मिळाला. रात्री पोटात कळा येत होत्या, नवरा गावाला गेलेला, मुलीला आजींकडे ठेवून सकाळी मी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हातारे. पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं. रिपोर्टवर नजर ठेवून म्हणाले, "न्यूइन सुरु मादे मो आरिमासेन ने." न्यूइन म्हणजे दवाखान्यात भरती होणं, आरिमासेन हे नाइचं सभ्य रूप. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाले, "शिन्पाइ सुरु कोतो वा आरिमासेन." दोन्ही वाक्यांना माझ्या वहीत एकच अर्थ होता. पहिलं त्यांनी कागदाला सांगितलं, दुसरं मला.

औषधाच्या खिडकीसमोर बसल्या बसल्या सहज मनात आलं, आमच्या साताऱ्याचे डॉक्टर काय म्हणाले असते? 'ॲडमिट करण्याइतकं काही नाही.' गरज हा शब्द त्यांच्या तोंडीही आला नसता. 'इतकं'मध्ये मोजमाप आलं, दुखणं इथवर आणि भरतीची रेघ तिथे. इतकी वर्षं वहीत जे बसत नव्हतं ते घरातल्या रोजच्या बोलण्यात पडलं होतं. घरी जाऊन मी त्या पानावरच्या दोन रेघा खोडल्या आणि 'करण्याइतकं काही नाही' लिहिलं. परीक्षा पास होऊन सहा वर्षं झाली होती.

या साच्याचा सगळ्यात प्रसिद्ध अवतार 'इउ मादे मो नाकु'. इतकं उघड की सांगण्यापर्यंतही जायला नको. जुन्या मराठीत 'सांगणे न लगे' म्हणायचे, आता 'वेगळं सांगायला नको' म्हणतात. गंमत अशी की सांगायला नको असं म्हणून झालं की पुढच्याच श्वासात ते सांगितलं जातं, दोन्ही भाषांत. मराठी सभांमध्ये वाढलेल्या माणसाला यात नवल नाही. 'आजच्या पाहुण्यांचा परिचय करून देण्याची आवश्यकताच नाही' म्हणत सूत्रसंचालक खिशातून घडी केलेला कागद काढतो आणि चौथीच्या स्कॉलरशिपपासून सुरुवात करतो. जपानी ऑफिसात हेच वरिष्ठांच्या मेलमध्ये येतं. 'इउ मादे मो आरिमासेन गा', आणि पुढे मुदत. 'सांगायला नको, पण शुक्रवारपर्यंत' असं वाचलं की समजावं, मागचा शुक्रवार कुणीतरी चुकवलाय. बहुतेक आपणच.

शिवाय जपानीत नको ती भर घालण्याला दासोकु असा एक सुरेख शब्द आहे, म्हणजे सापाचे पाय. गोष्ट चीनमधली. सापाचं चित्र आधी पूर्ण करील त्याला दारू, अशी पैज. ज्याचं आधी झालं तो वेळ उरला म्हणून पाय काढत बसला, तेवढ्यात दुसऱ्यानं दारू पिऊन टाकली. लेखाच्या शेवटी 'दासोकु देस गा' म्हणून आणखी एक परिच्छेद जोडणारे लोक मला फार आवडतात.

पण एका ठिकाणी या देशात मादे मो नाइ चालत नाही. आमच्या तोझाइ लाइनच्या फलाटावर उभं राहून पाहावं. दारं लागली की शेवटच्या डब्यातला गार्ड पांढऱ्या हातमोज्याचं बोट गाडीच्या कडेनं लांबवर रोखतो आणि तोंडानं म्हणतो, ठीक. ड्रायव्हर सिग्नलकडे बोट करून सिग्नलचं नाव मोठ्यानं उच्चारतो. सिग्नल हिरवा आहे हे त्याला दिसत असतं, केबिनमध्ये ऐकणारंही कुणी नसतं. याला शिसा कोशो म्हणतात, बोट दाखवून उच्चारणं. १९९४ मध्ये जपानच्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेनं यावर प्रयोग केला. काहीच न करता चुकांचं प्रमाण २.३८ टक्के होतं, बोट आणि आवाज दोन्ही वापरले तेव्हा ०.३८ वर आलं. म्हणजे जे 'सांगण्यापर्यंतही नाही' ते सांगितलं, तर चुका सहावा हिस्सा उरतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून घराबाहेर पडताना गॅसकडे बोट करून 'बंद' म्हणते. मुलगी हसते. मग तीही बोट करते.

आईच्या फोननंतर मी पुन्हा वही काढली. आईचं वाक्य जपानीत कसं होईल? 'इउ मादे मो नाकात्ता' बसत नाही. त्याचा अर्थ झाला असता, उघडच होतं, तुला न सांगताही कळलं असतं. मला तर काहीच कळलं नव्हतं. तिच्या वाक्याला 'इउ होदो नो कोतो जा नाइ' हवं. होदो म्हणजे इतकं, तेवढ्या मापाचं. सांगावं एवढ्या मापाचं ते नाही. मादे आणि होदो, पर्यंत आणि इतकं. दवाखान्यात भरती करायच्या वाक्यात दोन्ही चालतात, पण सांगण्याच्या वाक्यात एकमेकांपासून पार लांब जातात. एकात ऐकणाऱ्याला आधीच माहीत असतं, दुसऱ्यात त्याला कधीच कळू द्यायचं नसतं.

मग लक्षात आलं की खुर्ची इथेही तीच आहे. डोळा तिचा, पण माझ्या काळजीचं माप तिनं काढलं, माझ्यावतीनं, मला न विचारता. आणि मी तरी काय करते? मुलीला पहिल्या वर्षी दमा झाला होता तेव्हा आईला मी कुठे सांगितलं होतं? सगळं निभावल्यावर, नेब्युलायझर कपाटात गेल्यावर सांगितलं. तिनं तेव्हा विचारलं होतं, "मला का नाही बोललीस?" माझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं, पण ते इथे लिहिण्याइतकं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख महिन्यानंतरची निघाली. मी येते म्हणाले.

"येण्याइतकं काही नाही. तिकिटाचे पैसे बघ जरा."

"केवढं आहे ते मी आल्यावर बघते."

थोडा वेळ नुसती टीव्हीवरच्या मालिकेची गाणी ऐकू येत होती. मग म्हणाली, "येतेच आहेस तर मागच्या वेळी आणलंस तसलं नेलकटर आण. ते मी काकूंना देऊन टाकलं."

निघायच्या आधी आजींना सांगणं भाग होतं, कारण दहा दिवस आमच्या पत्रपेटीवर लक्ष त्याच ठेवणार होत्या. आईचं ऑपरेशन आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मी घाईघाईनं म्हणाले, 'शुजुत्सु तो इउ होदो नो कोतो दे मो नाइन देस गा', ऑपरेशन म्हणावं इतकं काही नाही, डोळा आहे. या वेळी साचा बरोबर होता, मी दोनदा तपासला होता. आजींनी नुसतं 'मे' म्हटलं, म्हणजे डोळा, आणि आत गेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. आजी कधीच बेल वाजवत नाहीत. अंगात बाहेर जायचा कोट होता, एक हात दाराच्या चौकटीवर टेकलेला. दुसऱ्या हातात देवळात मिळते तसली पांढरी कागदी पिशवी, आणि तिच्यात कापडी ताईत, ओमामोरी. पिशवीवर देवळाचं नाव होतं, आराइ याकुशी. डोळ्यांचा देव म्हणून लोक तिथे जातात. ते नाकानोला आहे. आमचं स्टेशन तोझाइ लाइनवर सोळाव्या नंबरचं आणि नाकानो पहिल्या नंबरचं, पार दुसऱ्या टोकाला. तिथे उतरून पुढे पायी चालायचं. त्या गुडघ्यांनी.

मी तोंड उघडलं. माझ्याकडे पाच साचे होते.

"चोत्तो नाकानो मादे," आजी म्हणाल्या, आणि दोन वेळा वाकल्या.